बार भरताना बोलायचं नाही

श्रूजबरी
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

यामिनी,

कागदावर पत्र लिहायची वेळ तू माझ्यावर आणलीस. व्हॉट्सॲपवर ब्लॉक, फोनवर ब्लॉक, ईमेलला उत्तर नाही. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा कागद. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेचा नवा पत्ता संजयकडून काढला. त्याला तू ब्लॉक केलेलं नाहीस. दिवाळीला त्याला शुभेच्छासुद्धा पाठवल्यास, पणतीच्या चित्रासकट. तीन वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायलीस आणि शुभेच्छा माझ्या नवऱ्याला! कमाल आहे बाई तुझी.

फराळाचा डबा भरून ठेवला होता तुझा. तू श्रूजबरी सोडून गेलीस हे मला पंधरा दिवसांनी कळलं. चकल्या शेवटी संजयने ऑफिसात नेल्या.

आता मुद्द्याचं बोलते. १२ ऑक्टोबरला क्लबात जे झालं त्यात माझा काय दोष? तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतेस, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुला तिथे नेलं कोणी? मी. घटस्फोटाचे कागद आल्यापासून तू पडदे ओढून बसली होतीस. तुझा लेक यश तिकडे न्यू जर्सीत कॉलेजला, बापाच्या बाजूने, तुझ्याशी अबोला धरून. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर रविवारी, कानाशी दोन बार उडाले की डोकं जागेवर येईल. तू हसलीस. म्हणालीस, "शोभाताई, तू आठवडाभर इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेस आणि रविवारी ठासणीच्या बंदुका उडवतेस?" हो, उडवते. पंधरा-वीस म्हातारे, काळा धूर, कुजक्या अंड्यासारखा वास, आणि त्यांच्यात मी एकटी नागपूरची. अख्ख्या अमेरिकेत माझी स्वतःची अशी तेवढीच एक जागा होती. संजयची बायको नाही, कुणाची आई नाही, कुणाची काकू नाही. तिथे मी नुसती शोभा होते.

आणि ती जागा मला फुकट मिळाली नव्हती. शेजारच्या वेंडेलची बायको डॉरिस गेली तेव्हा मी मेथीचे पराठे घेऊन गेले, त्याच्या गॅरेजमध्ये बंदुका पाहिल्या, विचारलं, आणि तो शिकवायला लागला. पहिली दोन वर्षं माझी गोळी कागदालासुद्धा लागत नव्हती. कागदाला! मागच्या टेकाडात जाऊन बसायची. खांदा निळा पडायचा, संजय हळद लावून द्यायचा.

हे सगळं मी तुला आयतं दिलं. आधी दारू मोजून नळीत ओतायची, मग तोंडावर तुपाची चिंधी, चिंधीवर शिशाची गोळी, मग गजाने खालपर्यंत ठासायचं, मग घोड्याखाली तांब्याची टिकली. चिंधीसाठी संजयचा पट्ट्यापट्ट्यांचा जुना पायजमा हेच सगळ्यांत चांगलं कापड, हा शोध माझा. दुकानातल्या मलमापेक्षा साजूक तूप बरं, हाही माझाच. आणि वेंडेल काय म्हणाला? जमिनीवर पडलेली तुझी चिंधी उचलली, हात बघणाऱ्या ज्योतिषासारखी उलटसुलट करून पाहिली, आणि सगळ्यांना दाखवत म्हणाला, ही बघा यामिनीची चिंधी, कशी स्वच्छ जळलीय. यामिनीची! पायजमा माझ्या नवऱ्याचा, तूप माझ्या कढईतलं.

पहिल्याच रविवारी तुझ्या पाचही गोळ्या एका बशीएवढ्या जागेत लागल्या. वेंडेलने टोपी काढली. ती टोपी तो फक्त राष्ट्रगीताला काढतो, यामिनी. मी सहा वर्षं आहे तिथे.

असो. तर डॉरिस मॅच. वर्षातून एकदा डॉरिसच्या नावाने होते. पाच गोळ्या, उभ्याने, पंचवीस यार्डांवरून. गुण नाहीत. मधल्या ठिपक्यापासून प्रत्येक छिद्रापर्यंत दोरी लावायची, एकापुढे दुसरं अंतर जोडत जायचं, ज्याची दोरी सगळ्यांत आखूड तो जिंकला. गोळी वाया गेली तर सहा इंच धरायचे. या वर्षी बक्षीस डॉरिसची स्वतःची बंदूक, कायमची, कारण वेंडेल येत्या उन्हाळ्यात लेकीकडे ओहायोला जाणार. माझ्या पाच गोळ्यांची दोरी अकरा इंच झाली. तुझी चार गोळ्यांची साडेसहा. पाचवी साडेचार इंचांच्या आत कुठेही लागली असती तरी बंदूक तुझी होती. आणि तू दारू टाकायलाच विसरलीस. घोडा पडला, टिकली टिचकन वाजली, पुढे काही नाही. सहा इंच. साडेबारा.

असं सगळ्यांचं होतं. वेंडेलचं स्वतःचं दोनदा झालंय, त्याने स्वतः सांगितलंय. मी फक्त शेजारच्या टेबलाशी उभी होते. त्यावर तू बंदूक टेबलावर ठेवलीस, माझ्या गाडीत न बसता टॅक्सी बोलावून गेलीस आणि संध्याकाळी मला ब्लॉक केलंस. जिंकलेल्या माणसाचं अभिनंदन करायची रीत आहे, ती तरी पाळायची.

उत्तराची वाट बघते आहे.

शोभाताई

* * *

१४ डिसेंबर २०२५

यामिनी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी काही उत्तरासाठी लिहीत नाही. रविवारी दुपारी मला काम नसतं, म्हणून लिहिते.

वेंडेल दर रविवारी विचारतो, "हाऊ इज अवर यामिनी?" अवर! मी इतक्या वर्षांत कधी 'अवर' झाले नाही. मी 'शो' आहे. "शो, जरा कॉफी ओततेस का. शो, हे टार्गेट लाव गं." आणि जी माझ्यानंतर आली आणि एका मॅचमध्ये हरून न सांगता गेली, ती अवर. मी सांगते, बरी आहे, बिझी आहे. माझ्याशी बोलत नाही असं कशाला सांगू?

बंदूक सोफ्याच्या वर टांगली आहे. येणाजाणाऱ्याला मी दाखवते. गेल्या शनिवारी मंडळाच्या बायका आल्या होत्या, त्यांनी हात लावून पाहिलं, फोटो काढले. सगळ्या गेल्यावर संजय म्हणाला, "ती उडवणार कधी तू?" मी म्हटलं, थंडी आहे. तो म्हणाला, "थंडीत तू दर वर्षी जातेस की." नवऱ्यांना नको तेव्हा बरं सगळं लक्षात राहतं.

आणि ऐक, त्याच्याकडूनच कळलं की यश आता तुझ्याकडे जेवायला येतो. दर शुक्रवारी, वरणभात आणि बटाट्याची भाजी. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, आधी पोटात दुखलं, कारण ही बातमी संजयला आधी कळली. आठ महिने त्या पोराच्या फोनसाठी तू माझ्या ओट्याशी उभी राहून रडलीस, टिश्यूचा डबा मी पुढे केला, आणि पोरगा घरी आला तेव्हा मला कळवावंसं तुला वाटलं नाही. मग मात्र खरंच बरं वाटलं. देवापुढे साखर ठेवली.

त्या दिवशीसुद्धा मी जे विचारलं ते काळजीपोटीच विचारलं होतं.

आता तू मागचं पत्र काढशील आणि म्हणशील, शेजारच्या टेबलाशी नुसती उभी होते असं लिहिलं होतंस. हो, बोलले मी. एक वाक्य. एका वाक्याने काय होतं?

पण मला एक सांग, वेंडेलने तुला ती बंदूक दुसऱ्याच महिन्यात हातात का दिली? मी कितीदा त्याच्या गॅरेजमध्ये उभं राहून तिच्याकडे पाहिलं असेल. एकदा तर मीच तेलाच्या फडक्याने पुसली, त्याने नुसतं "थँक्स, शो" म्हटलं आणि परत खुंटीला लावली. तुला म्हणाला, "ट्राय डॉरिसेस," म्हणजे डॉरिसची उडवून बघ. त्या रात्री मी जेवले नाही. संजयला सांगितलं ॲसिडिटी आहे. माझं काय चुकलं होतं, एवढंच मला त्या म्हाताऱ्याला विचारायचं होतं.

शोभा

* * *

२५ जानेवारी २०२६

यामिनी,

सकाळपासून बर्फ पडतोय, रेंज बंद. दोन पत्रं फाडली. हे तिसरं फाडणार नाही.

क्लबात एकच गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात, बंदूक हातात घेण्याच्याही आधी. जो टेबलाशी बार भरतोय त्याच्याशी बोलायचं नाही. हाय नाही, हॅलो नाही, फोन वाजला तर द्यायचा नाही. कारण भरण्याचा क्रम डोक्यात चालू असतो, मध्ये कुणी बोललं की माणूस दारूची पायरी गाळतो आणि कोऱ्या नळीत गोळी ठासून मोकळा होतो. डॉरिसने पिवळ्या कार्डावर आपल्या हाताने तीन नियम लिहिले होते, त्यातला तिसरा हाच. बार भरणाऱ्याशी जो बोलेल तो मॅचमधून बाद. हे तुला मीच वाचून दाखवलं होतं. मराठीत, नीट समजावून.

१२ ऑक्टोबर हा यशचा वाढदिवस. हे तिथे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तू पहाटे त्याला मेसेज केला होतास आणि सकाळी गाडीत तीनदा फोन उलटा करून पाहिलास. मी ड्राइव्ह करत होते, मी पाहिलं. तू म्हणालीस, "रेंजवर गेले की विसरीन."

आणि तू विसरलीस. चार गोळ्या विसरून मारल्यास. तुझा चेहरा किती शांत होता! माझी अकरा इंचांची दोरी बोर्डावर लटकत होती आणि वेंडेल तुझी चौथी गोळी मोजताना स्वतःशी हसत होता. मला कुणी कढईतल्या तेलात टाकल्यासारखं झालं. तू टेबलाशी आलीस, गज ठेवलास, दारू भरून ठेवलेलं शिंग उचललंस. आणि मी शेजारी येऊन अगदी हळू, अगदी मायेने विचारलं, "यशचा फोन आला का गं?"

विचार करून विचारलं. तोंडातून निसटलं वगैरे काही नाही. मराठीत विचारलं म्हणजे कुणाला कळणार नाही, हासुद्धा विचार केला. म्हाताऱ्यांना वाटलं मी तुला धीर देतेय. एकजण माझ्याकडे बघून हसलासुद्धा.

तू शिंग खाली ठेवलंस.  मग चिंधी घेतलीस, गोळी घेतलीस. दारू गेली नाही हे मी पाहिलं. गजावरची खूण पार नळीच्या आत गेली तेही पाहिलं. आत दारू असली तर ती खूण बरोबर तोंडाशी थांबते. पाहिलं आणि गप्प बसले. म्हणजे बोलायचं नव्हतं तेव्हा बोलले आणि बोलायचं होतं तेव्हा गप्प. मग ती टिकली वाजली. मला अजूनही ऐकू येते ती, भांडी घासताना, कुठेही.

आणखी एक गोष्ट, ती तू विचारलीही नाहीस. डॉरिस डावखुरी होती. तिची बंदूक डावखुरी आहे, घोडा डाव्या बाजूला. तू डावखुरी. वेंडेलने ती तुला का दिली आणि मला का नाही, यात कोडं काहीच नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डिसेंबरात तुला लिहिलं ना, माझं काय चुकलं म्हणून, तेव्हाही माहीत होतं. मी उजव्या खांद्याला लावली तर घोडा माझ्या डोळ्यांसमोर पडतो आणि ठिणग्या चष्म्यावर येतात. नोव्हेंबरात एकटी जाऊन एकदा उडवून पाहिली. भुवईचे केस जळले. संजयला सांगितलं, फोडणी उडाली.

तर ही अशी बंदूक मी तुझ्याकडून घेतली. मला ती वापरताच येत नाही. मला फक्त ती तुला मिळायला नको होती.

माफ कर असं लिहिणार होते. पण अजूनही वेंडेल "अवर यामिनी" म्हणाला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जी बाई अजून जळतेय तिने माफी कोणत्या तोंडाने मागायची? ती नंतर मागीन.

शोभा

* * *

८ मार्च २०२६

यामिनी,

वेंडेलला सांगितलं. त्याच्या किचनमध्ये, खोकी भरायला मदत करता करता. डॉरिसच्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होते, बघायला काहीतरी हातात होतं म्हणून बोलता आलं.

तो म्हणाला, "शो, मला मराठी येत नाही. पण सहा वर्षांत तू लोडिंगच्या टेबलाशी कधी तोंड उघडलं नाहीस. त्या दिवशी उघडलंस." म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं! बंदूक माझ्या हातात देताना माहीत होतं, सोफ्यावर टांगलेली बघायला आला तेव्हा माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तू सांगशील म्हणून थांबलो होतो. जरा जास्तच वेळ लावलास, मला जूनमध्ये निघायचंय."

मग त्याने तिसऱ्या नियमाने मला बाद केलं आणि तुला फोन केला की बंदूक तुझी, येऊन घेऊन जा. आणि तू काय म्हणालीस तेही त्याने मला सांगितलं. अशी नको. कुणी बाद झाल्यामुळे मिळालेली नको. शोभाताईची अकरा इंचांची दोरी बोर्डावर राहू दे, माझी पाचवी गोळी बाकी आहे, ती मी एप्रिलमध्ये येऊन मारीन. साडेचार इंचांच्या आत लागली तर बंदूक माझी, नाहीतर तिची.

केवढा गं माज! मी बाद झाले तरी मला हरवल्याशिवाय तुला चैन नाही. मला इतका राग आला, आणि खरं सांगते, त्या रागातच पहिल्यांदा वाटलं की तू परत येतेयस.

"शोभाताई" म्हणालीस, असं वेंडेल सांगत होता. त्याने त्याचं "शोबाटाय" केलं, पण मला कळलं.

तर ये. २६ एप्रिल, रविवार, दहा वाजता. तुझ्यासाठी मी प्रार्थना वगैरे करणार नाही. गोळी चुकावी असंच मला वाटणार, ते काही माझ्या हातात नाही. पण एक वचन देते. तू बार भरत असताना मी एक शब्द बोलणार नाही. वेंडेलने सांगितलंय, तीन पावलं मागे, पाठ करून उभं राहायचं. राहीन.

शोभा

* * *

२७ एप्रिल २०२६

यामिनी,

काल गाडी सुरू करता करता म्हणालीस, "पत्र लिहीत जा, तुझी पत्रं मी यशला वाचून दाखवते." बाप्पा! सगळी? जानेवारीचंसुद्धा? पोराने काय म्हटलं असेल! बरं, आता लिहायला बसलेच आहे तर कालचं माझ्या बाजूने काय झालं ते सांगते. तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे.

तू सकाळी आलीस, माझ्याकडे पाहिलं नाहीस. सगळ्यांना मिठ्या मारल्यास, वेंडेलने टोपी काढली, मी कॉफी ओतत राहिले. सहा महिन्यांत बारीक झाली आहेस आणि केस कापलेत. छान दिसतात. ते बघूनही जळले.

मग तू टेबलाशी गेलीस आणि मी तीन पावलं मागे, पाठ करून. समोर पार्किंग, संजय गाडीला टेकून उभा. बोर्डावर तुझं ऑक्टोबरचं टार्गेट, चार छिद्रांचं, वेंडेलने जपून ठेवलेलं, आणि त्याच्या शेजारी माझी अकरा इंचांची दोरी. मी ठरवलं की आवाजावरून मोजायचं. आता शिंगाचं बूच निघेल, आता माप भरेल, आता दारू नळीत पडेल. काही ऐकू येईना. एवढा वेळ का लागतोय? शेवटी राहवलं नाही, वळले. बघते तर शिंगाला बूच घट्ट लावलेलं, माप आडवं पडलेलं, आणि तू नळीच्या तोंडावर चिंधी ठेवून त्यावर गोळी बसवतेयस.

पुन्हा विसरली. एवढंच डोक्यात आलं. ही पुन्हा विसरली.

आणि मी ओरडले, "यामिनी, दारू! अगं दारू टाक!"

कानांवर आवाज अडवणारे मफ होते, त्यामुळे किती मोठ्याने ओरडले ते मलाच कळलं नाही. आणि मफ होते म्हणूनच दारू ओतल्याचा आवाज आला नव्हता, हे अक्कल नावाच्या गोष्टीला तेव्हा सुचलं नाही. संजय म्हणतो, पार्किंगमधली बदकं उडाली. पंधरा म्हातारे माझ्याकडे वळले. वेंडेलने कपाळाला हात लावला. त्यांना काय वाटलं असेल ते दिसतच होतं. ही बाई सुधारणार नाही. मलाही तेच दिसलं. आता तू गाडीत बसशील आणि हा शेवटचा दरवाजाही बंद.

तू मागे वळलीच नाहीस. गज घातलास, दाबलास, आणि गजावरच्या खुणेवर बोट ठेवलंस. खूण नळीच्या अगदी तोंडाशी. दारू आत होती.

"टाकलीय," तू मोठ्याने म्हणालीस. "गप्प बस ना, शोभाताई."

साडेसहा महिन्यांत पहिले शब्द. मग तुझे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेयस. हसत होतीस! मफ काढून डोळे पुसलेस, परत लावलेस, रेषेवर गेलीस, टिकली बसवलीस, बंदूक डाव्या खांद्याला टेकवलीस. आणि ती तिथे अशी बसली यामिनी, की मी सोफ्यावरची जागा मनातल्या मनात रिकामी करून टाकली.

बार उडाला. धूर गेला. छिद्र खाली, बरंच डावीकडे. वेंडेलने दोरी लावली, चष्मा वर केला, परत लावली. पावणेपाच इंच. साडेसहा अधिक पावणेपाच, सव्वाअकरा.

माझी अकरा!

पाव इंचाने माझी दोरी आखूड होती. मी हात वर केले, आनंदाने ओरडणार तेवढ्यात वेंडेलने खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि तिसऱ्या ओळीवर अंगठा ठेवला. "शो, यू आर आउट." एकाच मॅचमध्ये दुसऱ्यांदा बाद! क्लबात असं आजवर झालेलं नाही म्हणे. तू नको म्हणायला तोंड उघडलंस, तर त्याने तुलाही गप्प केलं. म्हणाला, नियम डॉरिसचा आहे, तुम्हा दोघींचा नाही. आणि बंदूक तुझ्या हातात दिली.

दोऱ्या दोन्ही त्याने मला दिल्या. बंदुकीच्या खिळ्याला शेजारी शेजारी टांगल्यात. येणाजाणाऱ्याला दाखवीन. तुझी लांब आहे, हे लांबूनसुद्धा दिसतं.

गाडीत बसल्यावर तू मला विचारलंस ते मात्र डोक्यातून जात नाही. "ओरडलीस कशाला? मी विसरले असं वाटलं होतं ना तुला? मग गप्प राहायचंस. बंदूक तुझीच होती."

मी म्हटलं, "सुचलंच नाही."

 तू दार उघडून खाली उतरलीस आणि मला मिठी मारलीस. तुझ्या अंगाला दारूचा आणि माझ्या तुपाचा वास येत होता. जानेवारीत राहिलेली माफी मी तेव्हा मागितली. तू "हं" म्हणालीस. "हं" म्हणजे काय ते विचारलं नाही, जेवढं मिळालं तेवढं घेतलं.

पण ते खरं आहे हं यामिनी, शपथेवर सांगते. त्या वेळी गप्प राहायचं मला खरोखरच सुचलं नाही. सुचलं ते घरी येताना, शाळेजवळच्या सिग्नलला. तिथून दारापर्यंत मी स्वतःला एवढ्या शिव्या घातल्या की संजयने रेडिओ बंद केला आणि ऐकत बसला.

सोबत पन्नास चिंध्या पाठवतेय. पायजमा नवा फाडलाय, त्याला अजून कळलेलं नाही.

तुझी,
पाव इंचाने पुढे असलेली
शोभाताई